तीन महिने बोलायचं नसतं

अर्पिताने अंगणवाडीच्या दारात उभं राहून बेबीताईंना एक साधा प्रश्न विचारला आणि सगळं तिथेच बिघडलं.

"बेबीताई, जी बाई नोकरीले नाही, घरीच राह्यते, तिले बाळंतपणाचे पैसे भेटते का हो?"

अंगणवाडी सेविका बेबीताई तेव्हा एक रडकं पोर वजनकाट्याला लटकवून आकडा वाचत होत्या. "भेटते ना. नोकरीवालीले पगारी सुट्टी, आन आपल्यासारखीले योजना. तुले पहिल्या खेपेले नव्हते का भेटले?"

"तवा भेटले. दुसऱ्या खेपेले भेटते का?"

"पोरगी झाली तर भेटते. पोरगा झाला तर नाही."

"मंग ते आधी कसं समजन?"

"आधी समजून घ्यायचंच नाही, कायदा हाय. झाल्यावर समजते." बेबीताईंनी पोर खाली उतरवलं आणि एकदम त्यांचा हात थांबला. "पण तू कोणासाठी विचारून राह्यली वं?"

"कोणासाठी नाही. असंच."

बेबीताईंनी दाराबाहेर डोकावून पाहिलं, पदर सावरला आणि आवाज खाली आणला. "मी काही ऐकलं नाही आन तू काही बोलली नाही. जाय घरी. सावकाश जाय, नालीवरून उडी मारू नको."

साखरखेर्ड्याच्या अलीकडच्या त्या गावात पोटातली गोष्ट पहिले तीन महिने ओठावर आणायची नसते. नजर लागते. ज्या बाईला दिवस गेलेत तिने "नाही, नाही" म्हणायचं, बाकीच्यांनी "नाही ना, बरं" म्हणायचं आणि सगळ्यांनी समजायचं ते समजायचं. या पद्धतीने त्या गावात कित्येक पिढ्या जन्माला आल्या आणि कुणाचं काही अडलं नाही. अर्पिताचं मात्र अडलं, कारण तिला खरोखरच दिवस गेलेले नव्हते.

तिने ते का विचारलं, हे समजायला तिच्या घरात एक दुपार काढावी लागेल. नवरा हर्षल वाळूजला एका कंपनीत कंत्राटी कामावर. कापसाचं बीटी बियाणं आलं तेव्हा आता अळीचं नाव घ्यायला नको म्हणून गावाने आनंद केला होता; पण अळीला ते कुणी कळवलं नसावं. गुलाबी बोंडअळीने वर्षामागून वर्ष कापूस खाल्ला आणि हर्षलने पिशवी भरली. सासू वारलेली. सासरे रंगराव तिच्या मागे जे गप्प झाले ते झालेच. ते दिवसभर शेतात कामगंध सापळे सांभाळायचे. मादीच्या वासाने नर पतंग यायचे आणि सापळ्यात पडायचे. अळीचे नर एवढ्या लांबून येतात आणि आपला दिवाळीशिवाय येत नाही, असं अर्पिताच्या मनात यायचं आणि तिचं तिलाच हसू यायचं. पोरगी यंदा पहिलीत गेली. त्यानंतर तर घरात फक्त भिंतीवरची पाल बोलायची.

अर्पिताला आणखी एक लेकरू हवं होतं. फोनवर विषय काढला की हर्षल म्हणायचा, "परवडन का?" पुढे "बरं हाय ना? ठेवतो मंग." म्हणून तिने विचारून ठेवलं, एवढंच. सरकारचा थोडा आधार निघाला असता तर नवऱ्याला एक उत्तर देता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर तिने हंडा उचलला, तर शेजारच्या सुभद्राबाईंनी तो हिसकावून घेतला.

"ठेव तो."

"काऊन मावशी?"

"ठेव म्हटलं ना." आणि साठीच्या सुभद्राबाई कमरेच्या दोन्ही बाजूंना दोन हंडे घेऊन तिच्या घरापर्यंत चालत आल्या.

तेव्हा अर्पिताच्या लक्षात आलं. "मावशी, तसं काही नाही हो."

"नाही ना? हाव, नाहीच. मी कुठं काय म्हटलं?" सुभद्राबाईंनी एक डोळा बारीक केला आणि कनवटीची चिंच काढून तिच्या हातात ठेवली.

दुपारी आवळ्याचं लोणचं आलं. संध्याकाळी बोरं आली. बांगड्या भरणारी बिलकिस आली आणि दारातच टोपली उतरवून बसली. "हात दाखव. पैशाचं नाव काढू नको." तिने हिरव्या बांगड्या भरल्या. अर्पिता म्हणाली, "बिलकिस आपा, खुदाकसम काही नाही." बिलकिस खूश झाली. "पयले पयले असंच म्हणा लागते. माह्या टायमाले मी तर उलट्या होत होत्या तरी नाही म्हणे."

मग एके दिवशी सुभद्राबाईंनी बायका जमवून दार लावून घेतलं आणि गुपचूप चोरचोळी केली. तिसऱ्या महिन्याच्या आत खण-नारळाने ओटी भरायची, पण कशासाठी ते कुणी बोलायचं नाही. अर्पिता पाटावर बसून "अहो, ऐका तर" म्हणत राहिली आणि बायका एकमेकींकडे पाहून हसत राहिल्या. नाही म्हणावं तर ते हो होत होतं. गप्प बसावं तर तेही हो होत होतं.

रंगरावांनाही कुठून तरी कळलं. सुनेशी असल्या विषयावर बोलायची सोय नव्हती. त्यांनी बिडी ओढायची जागा गोठ्यापाशी नेली आणि रोज शेतातून येताना दोन आवळे आणून ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवायला सुरुवात केली. ठेवायचे आणि खाकरून निघून जायचे.

शेवटी अर्पिताने ठरवलं की तोंडाने जमत नाही तर करून दाखवू. आठवडी बाजारात भर गर्दीत ती फळवाल्यापाशी उभी राहिली, पपई चिरून घेतली आणि सगळ्यांच्या देखत फोडीमागून फोड खाल्ली. पोटुशी बाई पपईच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आता तरी पटेल, असं तिला वाटलं.

पटलं. पण भलतंच पटलं.

"पोरीले नको झालं वाटते!" बेबीताईंनी छातीवर हात मारला.

"एकटी पडली ना माय ती," सुभद्राबाई म्हणाल्या. "माणूस परगावी. घरात बोलाले कोणी नाही. डोक्यात काहीबाही येणारच."

सुभद्राबाईंनी हे अगदी खरं ओळखलं होतं, फक्त नको त्या गोष्टीवरून. त्या दिवसापासून अर्पिताला एकटं सोडायचं नाही असं ठरलं. सकाळी सुभद्राबाई यायच्या, दुपारी बिलकिस टोपली ठेवून पाठ टेकायची, अंगणवाडी सुटली की बेबीताई. कुणी डाळ निवडायचं, कुणी तिच्या केसांना तेल लावायचं, कुणी आपल्या सासूच्या कागाळ्या सांगायचं. पोरगी शाळेतून आली की तिला ओट्यावर चार मांड्या तयार असायच्या. घरातली पाल कुठे गेली कोण जाणे.

आणि अर्पिताचं "तसं काही नाही" दिवसेंदिवस बारीक होत गेलं. पुढे पुढे ती ते बायका उठायच्या वेळेला, चपला घालण्याच्या गडबडीत म्हणायची. कुणी ऐकू नये इतपत.

पपईची बातमी मात्र रंगरावांपर्यंत पोचली. त्यांनी लेकाला फोन लावला. फोनवर तरी असं कसं सांगायचं? ते एवढंच म्हणाले, "घरी ये," आणि ठेवून दिला. बापाने आपणहून फोन केला, हे ऐकूनच हर्षलचं काळीज हललं. त्याने कंत्राटदाराचे पाय धरले आणि जालन्यामार्गे मिळेल ती गाडी पकडून देऊळगाव राजाला, तिथून गावच्या फाट्यावर येऊन उतरला. तिथेच त्याला सगळं कळलं, पपईसकट.

तो दारात आला तेव्हा घर बायकांनी भरलेलं होतं. त्या तोंडाला पदर लावून एकेक करून निघाल्या.

"खरं हाय का?" हर्षलने विचारलं.

"नाही."

"मलेही नाहीच म्हणतं का? मी परका हाव का?"

"अहो, खरंच नाही!" अर्पिता रडायलाच लागली. "मी फक्त बेबीताईले विचारलं होतं. पैसे भेटते का म्हणून. बाकी गावानं केलं."

"मंग ठासून सांगाचं ना नाही म्हणून."

"सांगितलं. पयले सांगितलं. मंग..." तिने डोळे पुसले. "मंग बाया येऊन बसाले लागल्या. तुम्हाले काय माहीत, दुपार किती मोठी असते ते. तुम्ही फोनवर बरं हाय ना म्हणता आन ठेवता. मले बरं नव्हतं. बाया आल्या तर बरं वाटलं. म्हणून नाही सांगितलं नीट."

हर्षल तिथेच जमिनीवर बसला. वाळूजच्या खोलीत आठ जण राहतात आणि तिथेही कुणी कुणाशी बोलत नाही, हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. ते त्याने त्या दिवशी सांगितलं. मग दोघं पुष्कळ वेळ बोलत बसली. परवडण्याचा विषय निघाला नाही.

तो चार दिवस राहिला. जायच्या आधी पारावर जाऊन चारचौघांत म्हणाला, "तसं काही नव्हतं. गैरसमज झाला." बायकोने महिनाभर घसा कोरडा केला ते कुणाला पटलं नव्हतं, पुरुष एकदा बोलला आणि गावाला पटलं.

दुसऱ्या दिवशी नळावर हंडा जिचा तिने उचलला. सुभद्राबाईंनी चिंच परत मागितली नाही, पण लोणच्याची बरणी मागवून घेतली. बेबीताई रस्त्यात दिसल्या आणि "ओटीचा नारळ तरी गोड निघाला का?" एवढं विचारून गेल्या. बिलकिस तेवढी म्हणाली, "बांगड्या राहू दे हातात. कामी पडतीन." दुपारी पाल परत आली.

होळी झाली. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या गेल्या. आणि एके सकाळी चहाचा वास अर्पिताला सहन होईना. तिने मनाशी हिशेब केला, पुन्हा केला, आणि धावतच अंगणवाडी गाठली. या खेपेला चूक करायची नाही, असं तिने ठरवलं होतं.

"बेबीताई, मले दिवस गेले. खरंच गेले."

बेबीताईंनी काट्यावरून मानही वर केली नाही. "हाव का? बरं."

"मावशी, खरंच हो!" तिने नळावर सुभद्राबाईंना सांगितलं.

सुभद्राबाईंनी आपला हंडा उचलला. "बाई, जिले असते ती असा डांगोरा पिटत नाही. तीन महिने बोलाचं नसते, एवढं तर कळते आम्हाले."

हर्षलला फोनवर कळवलं तेव्हा तो इतक्या जोरात ओरडला की मागे मशीन बंद पडल्यासारखं वाटलं. पण तो वाळूजला होता. अर्पिता घरी आली आणि ओट्यावर बसली. समोर सगळी दुपार पडलेली होती. खरं सांगितलं, तर दार वाजवायला एकही माणूस नाही. तिला फार एकटं वाटलं.

तिचा हात कोपऱ्यावर गेला. तिथे दोन आवळे होते. मोसम सरत आलेला, म्हणून सुरकुतलेले. कालही होते. परवाही होते. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की पहिलं सगळं खोटं होतं हे रंगरावांना कुणी सांगितलंच नव्हतं. हर्षल पारावर बोलला तेव्हा ते शेतात होते आणि बापाशी असलं बोलायची त्याचीही सोय नव्हती. सासऱ्याशी असल्या विषयावर कोण बोलणार? आणि त्यांनी विचारायचं तरी कुणाला?

रंगराव गोठ्याकडून आले. नेहमीसारखे खाकरले. पण आज गेले नाहीत. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि हातातला फाटका सापळा शिवायला लागले.

"बेबी मांगं म्हणे," ते सापळ्याला म्हणाले, "पोरगी झाली तर सरकार पैसे देते."

"हाव, मामाजी."

"आन पोरगा झाला तर?"

"तर नाही देत."

रंगरावांनी सुतळीची गाठ मारली, दातांनी तोडली.

"मंग पोरगीच होऊ दे," ते म्हणाले. "पैशाचं जाऊ दे. पोरी बोलतात घरात."