शुक्रवार पेठेतलं अर्थलिंग

विजेचं मला कुणी काही शिकवू नये! हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संदेशाचं लायसन्स आहे माझ्याकडे, परीक्षा देऊन मिळवलेलं. आरोही झाल्यापासून वेणी घालायलाही सवड मिळत नाही, पण ती मांडीवर पेंगायला लागली की मी रेडिओ लावते आणि कुर्डुवाडीला आप्पांशी बोलते. फोनवर माझे वडील "बरंय, ठेवतो" एवढंच म्हणतात. रेडिओवर तेच आप्पा नातीचे दात, ढेकर, शिंका, सगळं खोदून खोदून विचारतात! तिकडून "आरू, ए आरू" ऐकलं की ही झोपेतसुद्धा हसते.

घरमालक चनमल्लप्पा मामा मात्र गच्चीवरच्या आमच्या अँटेनाकडे सापाकडे बघावं तसे बघायचे.

"वळीव तोंडावर आलाय. वीज पडली म्हंजे? अर्थिंग कर, न्हाय तर उतरव तो!"

"अर्थिंगशिवाय मी तरी ठेवीन का मामा? लेकरू आहे घरात!"

अंगणात खड्डा खणून घेतला. पाइप उभा केला, भोवती कोळसा, मीठ, माती आणि वर सिमेंटचा गोल उंचवटा. अँटेनाची तार खाली आणून पाइपाला जोडली. आतली माती ओली राहावी म्हणून तांब्यानं पाणी घालत होते, तेवढ्यात शेजारच्या नागव्वा भिंतीवरून ओरडल्या, "काय गं वैजू, काय मांडलंस?"

"अर्थिंग!"

"आँ?"

"अर्थिंऽऽग!" नेमक्या त्याच क्षणी कडेवरच्या आरोहीनं भोंगा लावला.

नागव्वांनी हात जोडले. "अर्थलिंग! शिवा शिवा!"

सकाळी बघते तर उंचवट्यावर विभूतीचे पट्टे आणि बेलाचं पान! दुपारी गल्लीतल्या बायका तांबे घेऊन हजर. अडुसष्ट लिंगांचं गाव हे; एकोणसत्तरावं कुणाला जड होणार?

"पैक्याचं लिंग हाय म्हणं," शिवम्मा कुजबुजल्या.

"अहो, खाली नुसता कोळसा आणि मीठ आहे!"

"मीठ मागितलं त्यानं? लई कडक देव!"

मी माझा तांब्या आत नेऊन ठेवला. खरं सांगू? रोज पाणी घालायची माझी कटकट वाचली होती!

संध्याकाळी चनमल्लप्पा मामा सोवळं नेसून आले. डोकं टेकवलं, वर बघितलं आणि किंचाळले, "देवाला तारेनं बांधलंय? कुणी हो हे पाप केलं?"

मी धावेपर्यंत मामांनी तिथंच पडलेल्या माझ्या पक्कडीनं तार कट्कन तोडलीसुद्धा!

तेवढ्यात होटगीच्या बाजूला ढग गडगडले.

"वैजू! वीज आली की! तुझं अर्थिंग कुटंय?"

"मामा, तुम्ही आत्ता ज्याच्यापुढं डोकं टेकवलंत, तेच!"

"खुळी का काय! ते अर्थलिंग हाय."

"मग अँटेना?"

"उतरव की! अर्थिंगशिवाय ठेवणार न्हाय, तूच म्हणली व्हतीस."

आरोहीला नागव्वांकडे दिलं आणि पहिला थेंब पडायच्या आत मीच अँटेना उतरवला.

तर मंडळी, आजच्या घडीला अख्ख्या पेठेतलं सगळ्यात ओलं, सगळ्यात पक्कं अर्थिंग माझ्या अंगणात आहे. त्याला जोडायला फक्त अँटेना नाही!