गोदाअक्कांची धुळ्याची गाडी

गोदाअक्कांच्या खाटेवर पालथं पडलं की "आई गं" म्हणायला सक्त मनाई होती. त्याऐवजी जळगावहून धुळ्याला जाणाऱ्या एस.टी.च्या वाटेवरची गावं म्हणायची. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे, धुळे. ओळीने, मोठ्याने आणि एकही न गाळता. एखादं गाव विसरलं की अक्का हात थांबवून म्हणत, "चाल, परत जळगाव." म्हणजे मालिश पुन्हा पहिल्यापासून.

मी कन्याशाळेत भूगोल शिकवायचे. नकाशे टांगून, छडी आपटून माझ्या मुलींना जे येत नव्हतं ते आमच्या गल्लीतल्या झाडून साऱ्या बायकांना पाठ होतं. तेही कमरेवर अक्कांचा गुडघा असताना. हे मला तेव्हा फार लागायचं.

अक्का माझ्या शेजारच्या खोलीत राहायच्या. चोपड्याकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या, बोलणं पक्कं अहिराणी. उंच, हाडापेरानं रुंद आणि कायम तिळाच्या तेलाचा, लसणीचा नि ओव्याचा वास येणाऱ्या. नवरा लवकर गेला. एकुलत्या एका इंदूला त्यांनी या दोन हातांवर वाढवलं. मान धरलेली, पाठ आखडलेली, बाळंतपणानं खिळखिळी झालेली अशी प्रत्येक बाई त्यांच्या दारात यायची.

नव्या बाईला मी आधीच सावध करायचे. कुठे दुखतंय ते सांगायचं नाही. सांगितलं की अक्कांचा अपमान होतो. "बोलू नको. मना हातले समजस," असं म्हणून त्या मुद्दाम भलतीकडूनच सुरुवात करायच्या. पोट भरून यायचं नाही. आता आपल्या जळगावात थंडी पडली की घरोघरी वांग्याचं भरीत, आणि ते खाऊन शहाणपणानं गप्प बसलं तरी अक्कांना दारातच कळायचं. "भरीत खाई ऊनी ना? जाय घर. दोन घंटानी ये." कापड दुकानाच्या शेठाणींनाही त्यांनी असं परत पाठवलं होतं. त्या शेठाणी दुसऱ्यांदा आल्या त्या उपाशी, पण एरंडोलपुढे त्यांची बोबडी वळायची. तीनदा त्या जळगावला परत आल्या. चौथ्यांदा धुळ्याला पोचल्या तेव्हा रडत होत्या, पण मान सुटली होती.

सगळ्यात भयंकर पारोळा. तिथे अक्का पूर्ण भार टाकायच्या. मी एकदा उशीत तोंड खुपसून विचारलं, "अक्का, पारोळ्यालाच का?"

"तठे चढ शे," अक्का ठामपणे म्हणाल्या.

माझ्या माहितीत पारोळ्याला असा काही चढ नव्हता. पण त्या अवस्थेत भूगोलावर वाद घालणं मला झेपलं नाही.

इंदूला दिली होती धुळ्याला, देवपुरात. जावई चांगला, घर चांगलं. विहीणबाई मात्र जरा मानी. जळगावच्या लग्नात दोघी विहिणींची गळाभेट झाली. सनई वाजतेय, बायका कौतुकानं बघताहेत आणि अक्कांचे हात गेले विहिणीच्या पाठीवर. आता तिथे सवयीनं जे व्हायचं तेच झालं. बोटं खाली सरकली, थांबली, दाबली. विहीणबाई किंचाळल्या. आणि अक्का भर मांडवात, आनंदानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "विहिणबाई, तुमनी कंबर डावीकडथून धरेल शे! खाटवर पडा, आत्तेच काढी देस!"

विहीणबाईंनी जो पदर ओढून घेतला तो दोन वर्षं सैल सोडला नाही. लोकांच्या कमरा चेपणारी बाई आमच्या उंबऱ्यात नको, असं त्यांनी इंदूला स्पष्ट सांगितलं. पहिलं बाळंतपणसुद्धा माहेरी होऊ दिलं नाही. इंदूला मुलगी झाली. मंगल नाव ठेवलं. हे सगळं पोस्टकार्डानं कळलं आणि ते कार्ड अक्कांनी मलाच वाचायला दिलं. अख्ख्या गल्लीतली पोरं ज्या हातांनी न्हाऊ-माखू घातली, त्या हातांना आपलीच नात लागली नव्हती. ती नऊ महिन्यांची झाली होती.

"तुम्ही जा ना सरळ," मी चिडून म्हणायचे.

"बलावणं ऊनं म्हंजे जासू," अक्का म्हणायच्या. बोलावणं काही यायचं नाही आणि त्या तेल तापवायला ठेवायच्या. मला त्यांचा राग यायचा आणि त्या विहीणबाईंचा तर त्याहून जास्त यायचा.

मग एका रविवारी सकाळी मी मान वाकडी करून अक्कांच्या ओट्यावर बसले होते. दारात टांगा थांबला. इंदूच्या नवऱ्यानं आपल्या आईला आधार देऊन उतरवलं. ती कोयत्यासारखी वाकली होती. धुळ्यातले दोन डॉक्टर झाले होते, एक वैद्य झाले होते. वरून धुळे ते जळगाव एस.टी.चे धक्के झाले होते.

"आम्ही काही राहायला आलेलो नाही," विहीणबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. दुसरीकडे बघताच येत नव्हतं. "मुलाचा आग्रह. दुखतं ते इथे, डाव्या…"

"बोलू नका," अक्का म्हणाल्या. "खाटवर पडा."

मला वाटलं, आता अक्का दोन वर्षांचं उट्टं काढणार. खरं सांगते, मला तेच हवं होतं. मी मान विसरून पुढे सरकले.

अक्कांनी तेल हातावर चोळलं. "गावं म्हणा. जळगावथून."

"कसली गावं? आम्ही देवपूरचे, आम्हाला असलं…" अंगठा बसला. "पाळधी!"

"मंग?"

"एरंडोल!" देवपूरची शुद्ध भाषा इथपर्यंत टिकली. पारोळ्याला चढ लागला आणि विहीणबाईंच्या तोंडून एकदम निघालं, "ओ माय वं! मरी गऊ!"

अक्का हसल्या नाहीत. आणि परत जळगावही म्हणाल्या नाहीत. हा नियम त्यांनी मोडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. हात अगदी हलका केला, बाळाला करतात तसा. मुकटी झालं. फागणे झालं. तिथे हात थांबले.

"आते धुळं," अक्का म्हणाल्या. "तठे कोण कोण शे?"

विहीणबाईंनी उशीत तोंड खुपसलं. "इंदू शे," त्या म्हणाल्या.

"आनखी?"

"मंगल शे. दात येई राह्यनात तिले."

"आनखी?"

विहीणबाईंनी तोंड वळवलं. डोळे भरले होते, आणि ते दुखण्यानं नव्हे. "तुम्ही नही शेतस," त्या म्हणाल्या. "चला."

अक्कांनी शेवटचा झटका दिला. कट्कन आवाज झाला. विहीणबाई उठल्या, सरळ उभ्या राहिल्या आणि आधी घराचं छत पाहिलं. मग त्यांनी अक्कांना मिठी मारली. या वेळी अक्कांनी हात त्यांच्या पाठीवर नुसते ठेवले. दाबून पाहिलं नाही. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि वाकड्या मानेनं मी त्या वाजवल्यासुद्धा.

दुपारच्या गाडीनं अक्का त्यांच्याबरोबर धुळ्याला निघाल्या आणि मी पोचवायला गेले. स्टँडवरचा म्हातारा कंट्रोलर अक्कांना पाहून म्हणाला, "काय अक्का, आज चढायचं?" मी विचारलं, "तुम्ही यांना ओळखता?" तो म्हणाला, "लेकीचं लग्न झाल्यापासून रोज धुळ्याची गाडी लागली की येतात. गावांची नावं विचारून पाठ केली. गाडी सुटली की घरी जातात. आजवर पाळधीसुद्धा पाहिलेली नाही."

मी भूगोलाची बाई, पण त्या यादीचा अर्थ मला तेव्हा लागला. मला तिथेच रडू आलं. अक्का खिडकीतून ओरडल्या, "मास्तरीणबाई, मान हलवू नका! मी ऊनी का चोळी देस!"

पंधरा दिवसांनी त्या परत आल्या. पारोळ्याचा चढ रद्द झाला. "सपाट शे वं तठे," त्या शरमून म्हणाल्या. "गाडी चहाले थांबस." तेव्हापासून मालिशीच्या मध्यावर पेशंटलाही चहा मिळू लागला. गावांच्या यादीत बांभोरीजवळचा गिरणेचा पूल वाढला, धुळ्यातली पांझरा वाढली आणि देवपूर वाढलं. प्रवास लांबला, पण तक्रार कुणी केली नाही.

कारण दुखणं आता धुळ्याला संपत नाही. कापडवाल्या शेठाणी असोत की मी, सगळ्या बायका दात-ओठ खात देवपुरापर्यंत येतात. अक्का हात उचलून वाट बघतात. मग आम्ही शेवटचं नाव घेतो, "मंगल!" आणि अक्का म्हणतात, "उतरा. घर ऊनं."