बापूकाकांचा पाय आणि काकूंची शाल

झाशीच्या मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटतं तेव्हा, खांद्यावर लोकरीची शाल टाकून फिरणारा माणूस दिसला तर ते आमचे शेजारी बापूकाका समजावेत. मानिक चौकातला भाजीवाला रोज विचारतो, "काय दद्दा, इत्ते घाम में शाल?" काकांचं उत्तरही ठरलेलं. "काम है, भैया."

त्यांचं दुसरं वेड म्हणजे पाय. स्कूटरवरून पडल्यापासून त्यांचा उजवा गुडघा वाकत नाही. बसले की पाय किल्ल्यावरच्या तोफेसारखा समोर रोखलेला. म्हणून आमच्याकडे आले की आधी देव्हारा कुठे आहे ते बघणार, मग पाय चपलांकडे होईल असा कोपरा शोधणार. दुसऱ्या कुणी जरा ऐसपैस पाय पसरले की लगेच, "पाय सांभाळा हो!" एकदा आमचे हे टीव्हीसमोर पाय लांब करून बातम्या बघत होते. काका म्हणाले, "साहेब, ती बाई तुमच्याशी बोलतेय आणि तुम्ही तिला तळवे दाखवताय." ह्यांनी मुकाट्याने पाय आखडले. माझ्या सांगण्याने हे कधी झालं नसतं.

हे वेड थायलंडहून आलेलं. मुलाने काका-काकूंना तिकडे फिरायला नेलं होतं. तिथल्या देवळात बुद्धाकडे तळवे करून बसणं फार वाईट समजतात. सगळे पाय मागे दुमडून बसले. काकांना ते जमेना, म्हणून ते बाहेर पायरीवरच टेकले. काकूंना दर्शनाची फार हौस, पण नवऱ्याला बाहेर ठेवून कसलं दर्शन, म्हणून त्याही आत जाईनात. तेवढ्यात तिथल्या एक आजी आल्या. त्यांनी काकांना खुणेने आत नेलं, बसवलं आणि स्वतःच्या अंगावरचं वस्त्र त्यांच्या पायांवर पांघरलं. मग हात जोडून आपल्या जागी गेल्या.

वस्त्र परत करून मंडळी बसमध्ये चढली आणि काकू हळहळल्या. "नाव तरी विचारायचं हो. माझी शाल द्यायला हवी होती त्यांना." पुढच्या वेळी देऊ, असं काका म्हणाले. त्याच हिवाळ्यात काकू गेल्या.

तेव्हापासून ती शाल काकांच्या खांद्यावर. थाई पाहुणे कधी, कुठे भेटतील याचा काय नेम! एकदा काकांनी किल्ल्यापाशी काही मुलींना वाकून नमस्कार केला, तर त्या म्हणाल्या, "अंकल, हम इम्फाल से हैं." काका इतके ओशाळले, की माफी मागून सगळ्यांना लस्सी पाजून आले.

परवा मात्र लक्ष्मी ताल या तलावाजवळच्या महालक्ष्मीच्या देवळात खरंच थाई यात्रेकरू आले; तिकडे लक्ष्मीलाही मानतात. मी काकांबरोबर होते. त्यांच्यातल्या काठी टेकत आलेल्या एका आजींना पाय दुमडता येईनात. देवीसमोर पाय कसे पसरायचे, म्हणून बिचाऱ्या उठून बाहेर निघाल्या.

काका पुढे झाले. जगाला पाय सांभाळायला सांगणाऱ्या या माणसाने मान लववली आणि दोन्ही हातांनी शाल पुढे केली. आजी खाली बसल्या, शाल पायांवर ओढून घेतली आणि जोडलेले हात कपाळापर्यंत नेले. काका थोडं अंतर ठेवून शेजारी बसले, उजवा पाय खांबाकडे करून.

निघताना आजी शालीची घडी करून परत देऊ लागल्या. काकांनी घेतली नाही. त्यांच्याबरोबरच्या गाइडला एवढंच म्हणाले, "भैया, इनका नाम पूछ दीजिए."

आजींचं नाव विलाई. काका रिक्षात सारखं तेच पुटपुटत होते. मला वाटलं, यांना ऊन लागलं. म्हणून घरी पोचल्यावर मी त्यांच्यासाठी पन्हं घेऊन गेले. रिकाम्या खांद्याने ते काकूंच्या फोटोसमोर बसले होते, पाय दाराकडे वळवून.

"दिली गं शाल," ते सांगत होते, "आणि या वेळी नाव विचारलंय."