कोचाच्या पाठीमागचे आबासाहेब

इंदूरच्या आमच्या बडा गणपतीच्या गल्लीतले आबासाहेब निगुडकर कुणाच्याही घरी गेले की आधी कोचाच्या पाठीमागे जायचे. यजमान पुढे 'या, बसा' म्हणत हात जोडून उभे आणि आबासाहेब मागे गुडघे टेकून कापड चाचपताहेत. मग मागून आवाज यायचा, 'प्रकृती काय म्हणते?' हे आपल्याला विचारलंय की कोचाला, ते कळायला मार्ग नसे. यजमान बिचकत 'ठीक आहे' म्हणून दोघांच्या वतीनं उत्तर देऊन टाकत.

संस्थानच्या काळात ते फरासखान्यावर अधिकारी होते. दरबारच्या गाद्या, गालिचे, मखमली खुर्च्या, सगळं त्यांच्या ताब्यात. संस्थान गेलं, मध्यभारत राज्य आलं, फरासखाना मोडला. पण आबासाहेबांना ते कुणी नीटसं सांगितलं नसावं. गल्लीतलं प्रत्येक बसायचं कापड ते आपल्याच अखत्यारीतलं समजत. 'पहले पाठीमागे पूछो' हे त्यांचं पालुपद. म्हणजे ओलं फडकं आधी मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला लावायचं. फडक्यावर रंग उतरला तर कापड नको म्हणतंय, निमूट परत फिरायचं. मखमलीवर ब्रश फिरवायचा तो लवेच्या दिशेनं. रेशीम टिपायचं, घासायचं नाही. आमच्याकडे एक बाज आणि दोन लोखंडी खुर्च्या. या ज्ञानाचं करायचं काय, मला समजत नसे.

गोंधळ झाला तो राजधानीमुळे. सरकार अर्धं वर्ष ग्वाल्हेरला बसे, अर्धं इंदूरला. आपण नक्की कुणाच्या हाताखाली आहोत हेही आम्हा कारकुनांना विचारून घ्यावं लागे. त्या हिवाळ्यात आमचे तुकोगंजात राहणारे साहेब ग्वाल्हेरला निघाले आणि आपला मोतिया रंगाचा रेशमी कोच सांभाळायला माझ्याकडे ठेवून गेले. कोच खोलीत आला, आम्ही ओसरीवर आलो.

चैत्रात सुमतीनं, माझ्या बायकोनं, हळदीकुंकू केलं. कोच झाकायचा की मिरवायचा यावर बरीच चर्चा होऊन अर्थातच मिरवायचा ठरला. संध्याकाळी पाहतो तो कोचाच्या हातावर हळदीची पिवळीजर्द बोटं. हिनं घाईघाईनं साबण लावला, तर पिवळा डाग लालभडक झाला. कोचाचंही हळदीकुंकू पुरं झालं. साहेब आठवड्याभरात येणार होते आणि माझी नोकरी कायम करणं त्यांच्याच हातात होतं.

आबासाहेब आले, नेहमीप्रमाणे आधी पाठीमागे गेले. मग मलमलीचं फडकं गार पाण्यात पिळून त्यांनी साबण टिपून टिपून काढला. लाल डाग पुन्हा पिवळा झाला. यात आनंद मानावा की नाही, मी ठरवतोय तोवर त्यांनी कोच अंगणात उन्हात न्यायला सांगितला. मी पार चक्रावलो. रेशमाला ऊन दाखवू नये, हे त्यांनीच आम्हाला जन्मभर ऐकवलेलं.

'धूप हळदीला खाते, भिया,' ते इंदुरी ढंगात म्हणाले. 'पण रेशमालाही खाते. म्हणून सोबत बसावं लागतं.'

सगळा कोच जाड चादरींनी झाकून तेवढा डाग उघडा ठेवला आणि छत्री घेऊन ते शेजारी बसले. रोज यायचे. ऊन सरकलं की चादर सरकवायचे. जातायेता बायका चौकशी करत, सुमती पन्हं, आंब्याची डाळ नेऊन देई आणि आबासाहेब चक्क हसत. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

साहेब यायच्या आदल्या दिवशी डाग दिसेनासा झाला. माझा जीव भांड्यात पडला. कोच आत गेला, तरी आबासाहेब अंगणातच बसून राहिले. काही राहिलंय का, मला कळेना.

'सूनबाई,' ते छत्री मिटत म्हणाले, 'अक्षय्य तृतीयेपर्यंत हळदीकुंकू चालतं ना? एक आमच्याकडे करा. आमची ही गेल्यापासून झालंच नाही.'

त्यांच्याकडे हिरव्या मखमलीचा कोच होता म्हणे. तो कुणी उघडा पाहिला नव्हता. सुमती चाचरत म्हणाली, 'पण आबासाहेब, बायकांचे हळदीचे हात लागतील ना मखमलीला.'

'लागू द्या. साफ ठेवून ठेवून घर असं झालंय, जसं कुणी राहतच नाही.'

सुमतीनं पदर सावरत शांतपणे विचारलं, 'शुक्रवारी करू या?'

'शुक्रवारच कशाला,' आबासाहेब म्हणाले, 'उद्याही चालेल.'