नाल्याकाठची रशियन

जी भाषा कोणालाच येत नाही, तिच्यात चूक काढायलाही कोणी उरत नाही. म्हणून सर्वांगीण विकासाला तीच भाषा सर्वांत योग्य. हे सत्य एकोणीसशे पंचावन्न साली आमच्या विकास अधिकारीसाहेबांना उमगलं.

झालं असं की, एक रशियन शेतीतज्ज्ञ भादव्यात आमच्या गावची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पाहायला येणार, असं नागपूरहून कळलं. पाहुण्यांचं स्वागत त्यांच्याच भाषेत व्हावं, असा साहेबांचा हुकूम निघाला. (साहेबांना गावकऱ्यांची भाषा यावी, असा हुकूम आजवर निघालेला नाही.) शाळेचे उत्तमराव गुरुजी महिनाभर नागपूरला जाऊन रशियन शिकून आले आणि दिवेलागणीला चावडीवर वर्ग भरू लागला.

गुरुजींनी आधी पार्श्वभूमी सांगितली. रशियन ही संस्कृतची दूरची नातलग. भावाला ब्रात, आईला मात, दोन-तीन-चारला द्वा, त्री, चेतीरे. तिची लिपी हजार वर्षांपूर्वीच्या साधूंच्या परंपरेतली. पुढे क्रांती झाली तेव्हा काही अक्षरं कामावरून कमी केली. उरलेल्यांपैकी दोन अक्षरांना स्वतःचा आवाज नाही. ती मागच्या अक्षरानं मऊ बोलावं की कडक, एवढंच सुचवतात. (अशी मंडळी आमच्या ग्रामविकास समितीतही होती, ती निवडून आली होती.) शिवाय बरीच अक्षरं दिसतात एक आणि वाचायची दुसरी. हे गावाला जड गेलं नाही. नाल्याकाठी 'नियोजित पूल' अशी पाटी होती, तिच्यामुळे सवय होती.

क्रियापदांची मात्र दोन-दोन रूपं निघाली : एक काम पुरं झालं यासाठी, दुसरं काम चालू आहे यासाठी. साहेबांनी पहिलं रूप अभ्यासक्रमातून काढून टाकलं. त्याची गरज पडणार नव्हती. 'खराशो' म्हणजे 'चांगलं' हा शब्दही त्यांना खटकला, ऐकायला तो 'खराब'सारखा वाटतो. त्याऐवजी दुसरा मागवावा, असं त्यांनी वर लिहिलं. आणि 'न्येत', म्हणजे 'नाही', हा शब्द विकासाला मारक म्हणून वर्ज्य ठरला.

वर्गात प्रयागबाई होती. नाल्याकाठी तिची वांगी-मेथीची वाडी. बाजार मंगरूळपीरला, म्हणजे नाल्यापलीकडे. आदल्या पावसाळ्यात तिची सून बाळंतपणाला अडली, बैलगाडी पाण्याशी थांबली आणि पूर उतरायच्या आत नातू काठावरच, गोणपाटाच्या आडोशाला जन्मला. दोघं वाचली, एवढंच. पुलासाठी तिनं मराठीत सांगून पाहिलं होतं, हिंदीतही सांगून पाहिलं होतं.

एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर ती मागं थांबली.

"गुर्जी, पुलाले काय म्हन्तेत?"

"मोस्त."

"अन् पूल नाई म्हनाचं असंन त?"

गुरुजींनी दाराकडे पाहिलं. नोकरी जाईल, असं ते म्हणाले. प्रयागबाई म्हणाली, नोकरी गेली तर वाडीत तण निंदायला या. मग ती तिथंच बसून राहिली. तिच्या त्या बसण्यानं गुरुजींना व्याकरण आठवलं. जी वस्तू नाही, तिचं रशियनमध्ये रूपही बदलतं, हे त्यांनी हलक्या आवाजात समजावलं : मोस्ता न्येत.

पाहुणे आले त्या दिवशी नाल्याला पूर होता. पलीकडच्या काठावर जीप थांबली. जीपमधून पाहुणे, साहेब आणि नागपूरचे दुभाषी उतरले. अलीकडे सारा गाव हार घेऊन उभा होता. साहेबांनी हात वर केला की 'दाब्रो पझालवत' म्हणजे 'सुस्वागतम्' म्हणायचं ठरलं होतं. हात वर झाला. पण त्याआधीच प्रयागबाई गुडघाभर पाण्यात उतरली आणि मळ्यातली पाखरं उडवावीत अशा आवाजात ओरडली,

"मोस्ता न्येत!"

पाहुणे चपापले. बाई इथल्या बोलीत स्वागत करताहेत, असा खुलासा साहेबांनी लगेच केला. पाहुण्यांनी पुराकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि ओरडून उत्तर दिलं, "वीझू!"

काय म्हणाले, असं साहेबांनी दुभाष्याला विचारलं.

"म्हणाले, दिसतंय."

जीप परत गेली. अहवाल उत्कृष्ट झाला. पाहुण्यांनी पुलाचा प्रश्न समक्ष पाहिला, असं त्यात होतं. अकोल्याला जिल्हा कचेरीत तो संक्षिप्त करताना 'प्रश्न' गळला आणि 'पाहुण्यांनी पूल समक्ष पाहिला' एवढं उरलं. परदेशी तज्ज्ञानं पाहिलेला पूल नाही म्हणणं शिष्टाचाराला धरून नव्हतं, म्हणून तो पूर्ण झालेल्या कामांत धरण्यात आला. रशियनच्या वर्गाला आणखी वर्षभर मुदतवाढ मिळाली. वर्ज्य शब्द बाईंना कोणी शिकवला, असा खुलासा गुरुजींकडे मागितला गेला. शब्द शिकवावा लागला नाही, बाईंना त्याचा पूर्वानुभव होता, असं त्यांनी कळवलं. खुलासा समाधानकारक मानला गेला.

पुढच्या पावसाळ्याआधी नाल्यावर माणसं आली. त्यांनी जुनी पाटी उपटली आणि लोखंडी खांबावर नवी लावली : 'पूल अरुंद आहे. गाड्या सावकाश हाका.' खांब भक्कम आहे. पाणी उतरेपर्यंत प्रयागबाई त्याला पाठ टेकून बसते, नातू मांडीवर. एकदा गुरुजींनी तिला विचारलं, एवढं शिकून काय मिळालं? ती म्हणाली,

"त्या मानसानं टोपी त काढली न, गुर्जी. आतापावतर कोनं काढली होती?"

वाचकहो, तुमच्याही मनात या बाईबद्दल कणव दाटून आली असेल. पुलासाठी काहीतरी करावं, असंही वाटलं असेल. फक्त गावाचं नाव मी अजून सांगितलेलं नाही, आणि इथवर वाचूनही ते विचारायचं तुम्हाला सुचलेलं नाही.