लिफ्टमधला कबुलीजबाब

माझी योजना अगदी चोख होती! साडेदहाला लिफ्टची तपासणी, अकराला साहेबांपुढे कबुलीजबाब, साडेअकराला मी मोकळी! मग संध्याकाळी पाळणाघरातून बाळाला उचलायचं आणि उरलेली नोकरी गुपचूप, कोपऱ्यातल्या टेबलावर काढायची.

झालं होतं असं, की लिफ्ट तपासणाऱ्या आमच्या कंपनीने अचानक मला मुख्य निरीक्षक करायचं ठरवलं. संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. बाळंतपणाच्या रजेवरून परतून मला जेमतेम चार महिने झालेले. खणखणीत आवाजाचे, मिशीवाले अनुभवी लोक असताना मी? साहेबांची नक्की काहीतरी गफलत झाली असणार!

"तुला इम्पोस्टर सिंड्रोम आहे," नवरा दात घासता घासता म्हणाला. "आपण लायक नाही, कधीतरी पकडले जाणार, असं वाटत राहतं. हुशार लोकांनाच होतो."

"मग मला कसा होईल?"

त्याने कपाळावर हात मारला. ब्रशसकट!

तर ज्या सात मजली इमारतीची लिफ्ट तपासायची होती, तिथे साहेब जातीने हजर होते. ते खाली वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये बसले आणि मी एकटी लिफ्टमध्ये शिरले. पहिलं काम, अडीअडचणीसाठीचा इंटरकॉम तपासणं. बटण दाबलं.

"येतंय का ऐकू?"

"येतंय, मॅडम!" काका केबिनमधून ओरडले.

मी कागदावर बरोबरची खूण केली. दाबलेलं बटण पुन्हा बाहेर आलं का, ते मात्र बघायचं राहिलं! लिफ्ट वर निघाली. समोर मोठा आरसा. भाषणाची तालीम करायला याहून चांगली जागा कोणती?

"सर," मी आरशाला म्हणाले, "मी सहा वर्षं नुसतं नाटक करतेय! मला काही म्हणजे काही येत नाही! प्रत्येक लिफ्ट तीन-तीनदा तपासते, ती केवळ भीतीपोटी! घरी तरी काय वेगळं? बाळ शिंकलं की आधी फोनमध्ये शोधते, मग बाळाकडे बघते! मी बोगस आहे, सर! बोगस!"

वा! काय तो ओघ! माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आणि खाडकन लिफ्ट थांबली. मोठा दिवा गेला, बारका लागला.

"मॅडम, हलायचं नाही!" इंटरकॉममधून काका गरजले. "मेन स्विच बंद केलाय! बोगस बाई आमच्या लिफ्टमध्ये!"

"अगं बाई!" काकांच्या मागून चौथ्या मजल्यावरच्या एका काकूंचा आवाज. "मी कालच बसले होते हो त्या लिफ्टमध्ये!"

"अहो काका, मी तालीम करत होते! स्विच चालू करा आधी!"

खुडबुड. मग काडकन आवाज.

"मॅडम... स्विचची दांडी हातात आली."

"सर कुठे आहेत?"

"इथेच," साहेबांचा आवाज भलताच बारीक झाला होता. "सगळं ऐकलं मी."

संपलं! नोकरीच गेली म्हणायची! पण अधांतरी लटकलेल्या माणसाला रडायला सवड कुठे असते?

"सर, जिन्याने वर जा. गच्चीवर मशीनची खोली आहे, तिथेही इंटरकॉम आहे. काकांना सोबत न्या, एकट्याने जमणार नाही."

दहा मिनिटांनी नुसती धाप ऐकू आली. "पोचलो. आता? लिफ्ट हाताने सरकवायच्या या चाकाला मी बारा वर्षांत हात लावलेला नाही हो!"

"आधी तिथलाही स्विच बंद करा, मध्येच वीज यायला नको. केला? मोठ्याने सांगा! आता तुम्ही चाक घट्ट धरा. काका ब्रेकची दांडी दाबतील."

"पुन्हा दांडी? आणि यांच्या हातात?"

"सर, वाद नको! काका, दाबा. सर, चाक फिरवा. सावकाश... अजून थोडं... थांबा! काका, सोडा. पुन्हा दाबा... हां, असं! अजून एकदाच... शाब्बास! शाब्बास रे माझ्या राजा!"



बाळाला भरवताना जो सूर लागतो, तोच लागला होता! जीभ चावून काय उपयोग?

"मॅडम," साहेब हळूच म्हणाले, "दोरावरची मजल्याची खूण समोर आली."

लिफ्ट तिसऱ्या मजल्याला अलगद टेकली. काकांनी खाली येऊन किल्लीने दार उघडलं. मागे साहेब, घामाने निथळत.

"तुम्हाला काही येत नाही, नाही का?"

"सर, ते..."

"माझं ऐका." त्यांनी आवाज खाली आणला. "मला रोज सकाळी वाटतं, आज कोणीतरी येऊन खुर्चीवरून उठवणार. तरी मी जाऊन बसतो. आणि तुम्ही भीतीने तपासता की हौसेने, याच्याशी लिफ्टला काय देणंघेणं? तुमच्या लिफ्ट पडत नाहीत! म्हणून तुमचं नाव दिलं. बोला, हो की नाही?"

"हो!" जिनाभर घुमलं!

दुपारी इलेक्ट्रिशियनने नवा स्विच बसवला. मी सगळी तपासणी पुन्हा केली, सही ठोकली. खाली अख्खी इमारत गोळा झाली होती.

"अगदी खात्री आहे ना गं?" काकूंनी विचारलं.

"शंभर टक्के!" जन्मात पहिल्यांदा मी 'बहुतेक' न लावता उत्तर दिलं. 

"मग चल माझ्यासोबत. तू असलीस तरच बसेन."

त्यांच्यामागे भराभर रांग लागली. सगळ्यांचं तेच म्हणणं!

मुख्य निरीक्षक म्हणून पहिली दुपार मी अशी काढली: कोपऱ्यात उभी राहून, बटणं दाबत, येईल त्याला विचारत, "कितवा मजला?"