दहा थेंबांचा पुरावा

रुद्राणीला पोलिसांनी धरल्याचा फोन आला, तेव्हा शिवरुद्र दुकानात गिऱ्हाइकाला हरभरा मोजून देत होता. पोरगी सतरा वर्षांची, स्कूटीवरून क्लासला निघालेली. लायसनशिवाय गाडी चालवणारी पालममध्ये ती काही पहिली नव्हती. पण नाकाबंदीवर तिने नळीत फुंकलं आणि दारू तपासायचं मशीन वाजलं. गळ्यात लिंग घालणाऱ्या त्या घरात आजवर कुणी बाटलीचं बूचही हुंगलं नव्हतं.

कारण मात्र त्याला लगेच उमगलं. होमिओपॅथीचा त्याला भारी नाद. घरात कुणी शिंकलं की हा बाटली घेऊन हजर. रुद्राणी सकाळपासून खोकत होती आणि खोकल्याच्या अर्कात थोडी दारू असतेच. बाटली खिशात घालून तो रिक्षाने ठाण्यात पोचला.

"जमादारसाहेब, पोरगी पेली न्हाई. हे औषध हाय."

"समदे तेच म्हणत्यात," जमादार तात्याराव म्हणाले.

"पप्पा, मला परत एकदा..." बाकावरून रुद्राणी म्हणाली.

"तू गप बस. मोठी माणसं बोलायलीत."

शिवरुद्रने जिभेवर दहा थेंब मोजून टाकले आणि नळीत फुंकलं. मशीन वाजलं. इतका आनंद त्याला पोरगी दहावी पास झाली तेव्हाही झाला नव्हता.

तात्यारावांनी भुवया उंचावल्या. "पण तिनं घेतलं कवा?"

"आत्ता, निघताना! म्या सोता दिलं. ती स्कूटीवर बसली, तिच्या हातात किल्ली दिली अन् म्हणलं, आ कर."

"किल्ली तुमी दिली?"

"मंग! पेलेल्या लेकराच्या हातात कोणता बाप किल्ली देईल?"

हा मुद्दा तात्यारावांना एकदम पटला. त्यांनी तो शब्दन् शब्द लिहून घेतला. शिवरुद्रने खाली ठसठशीत सही केली.

तेवढ्यात वकील मेव्हण्याचा, शिवकांतचा फोन आला.

"दाजी, कायबी बोलू नका. अल्पवयीन पोरीनं गाडी चालवली की गुन्हा बापावर येतो. तीन वर्षांपर्यंत कैद हाय. पोरीला पंचवीस वर्षांची होईपर्यंत लायसन न्हाई ते येगळंच. वाट एकच. तिनं न इचारता गाडी नेली, मला ठाऊक न्हवतं, एवढंच म्हणा."

शिवरुद्रने सहीकडे पाहिलं. शाई वाळली होती.

"साहेब, आता तरी फुंकू द्या," रुद्राणी म्हणाली. "तोंडातलं औषध कवाच गेलंय."

तिने फुंकलं. मशीन गप्प राहिलं. पडद्यावर शून्य आलं.

"पोरीचं पेण्याचं मिटलं," तात्याराव म्हणाले. "तुमचं किल्लीचं राहिलं."

"परत फुंकते, हेच मी आल्यापासून म्हणायलेय, पप्पा," रुद्राणी म्हणाली आणि खोकली.

शिवरुद्रचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. बाटली टेबलावर होती आणि तात्याराव तिच्यावर पुराव्याची चिठ्ठी चिकटवत होते.